‘हॉर्मेसिस’ या शब्दाचा अर्थ

शेतीविषयक शास्त्रीय लेखांतून ‘हॉर्मेसिस’ हा शब्द वाचकांच्या दृष्टीस पडत असेल. पुष्कळांस तो ‘हॉर्मोन’चाच भाऊबंद वाटतो. तें अगदींच चूक नाहीं. दोहोंचें मूळ एकाच ग्रीक धातूंत असून त्याचा अर्थ ‘चेतविणें’ असा आहे. परंतु हॉर्मोन हा पदार्थ, तर हॉर्मेसिस ही घटना होय. जें द्रव्य अधिक मात्रेनें जीवास मारक ठरतें, तेंच अत्यल्प मात्रेनें त्याची वाढ वा चलनवलन नेहमीपेक्षां वाढवितें, या प्रकारास हें नांव आहे. मराठींत ‘अल्पमात्रोत्तेजन’ म्हणतां येईल; शब्द जरा जड झाला, हें आम्हांस कबूल आहे.

इ. स. १८८८ मध्यें जर्मनींतील ह्यूगो शुल्झ यास असें दिसलें कीं, जंतुनाशकाचा अगदीं थोडा अंश घातल्यास किण्वाची आंबविण्याची क्रिया उलट वाढते. प्रस्तुत नांव मात्र १९४३ सालचें. अमेरिकेंतील साउदम व एर्लिक यांनीं लाल सीडर वृक्षाच्या गाभ्याचा अर्क लांकूड कुजविणाऱ्या बुरशीवर योजून पाहिला. दाट अर्कानें बुरशी खुंटे, पातळ अर्कानें ती अधिकच फोफावे.

आमच्या शेतांतलें जवळचें उदाहरण २,४-डीचें. उसांतील रुंद पानांचें तण याच औषधानें मरतें, आणि दहा लाख भाग पाण्यांत १५ भाग इतक्या सौम्य प्रमाणांत तें संत्र्याची फळगळ थांबविण्यास कामीं येतें. (हें औषध स्वतःच हॉर्मोनसारखें असल्यामुळें काटेकोर पंडित हें उदाहरण वेगळें ठेवतात.) पंप न धुतां तेंच कपाशीवर गेलें, तर पानें भेंडीसारखीं चिरटलेलीं होतात.

खरी भीति पुढेंच आहे. पिकास जें लागू, तें किडीसहि लागू. लकी नामक अमेरिकन शास्त्रज्ञानें रातकिड्यांस कीटकनाशकाच्या अल्प मात्रा देऊन त्यांची वाढ अधिक झाल्याचें १९६८ सालीं दाखविलें. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेंत, १९८० च्या सुमारास, डेल्टामेथ्रिनच्या फवारणीनंतर भातावरील तपकिरी तुडतुड्यांची प्रजा वाढल्याचें आढळलें.

आम्हींहि एका वर्षीं, औषध महाग म्हणून, कपाशीवरील पांढऱ्या माशीकरितां सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेंच औषध पंपांत घातलें. पैसे वांचले असें वाटलें. पंधरवड्यांत पानांखालीं माशी पूर्वींहून दाट झाली, पानें चिकट पडलीं व त्यांवर काळी बुरशी चढली. शेजाऱ्यांनीं औषधच बनावट ठरविलें. मित्रकीटक मेल्याचाहि त्यांत वांटा असावा. सारा दोष उत्तेजनावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि जी माशी मेली नाहीं, तिला आम्हींच चेतविली नसेल, असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं.

‘थोडें विष पिकास टॉनिक’ असें सांगणारे विक्रेतेहि भेटतात. अल्पमात्रेनें होणारी वाढ बहुधा ३० ते ६० टक्क्यांच्या पलीकडे जात नाहीं, आणि ती मात्रा पीक, त्याचें वय, ओल व हवा यांप्रमाणें बदलते. प्रयोगशाळेंतील कुंडींत ती साधते. पांच एकरांच्या रानांत एका ओळीस ती कमी पडते, दुसरीस जास्त.

त्या वर्षापासून आम्हीं औषधाचें मोजपात्र पंपाच्या पट्ट्यासच बांधून ठेविलें आहे.