सवलतीच्या दरातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ऑनलाइन पुनर्विक्री : नफ्याचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
स्वस्त मिळेल तेथे वस्तू घेणे व महाग विकली जाईल तेथे ती विकणे हे व्यापाराचे जुने सूत्र होय. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीच्या उद्योगपरंपरेचा उगमही अशाच व्यवहारात आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानातूनच पुढे कारखाना उभा राहिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज ग्रामीण भागातील काही तरुण हेच सूत्र मोबाइल संच व इअरफोन यांना लावतात. या व्यवहारातील नफा कोठून येतो व तो किती टिकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्यवहाराची कार्यपद्धती :
भारतात २००० मध्ये सुरू झालेली बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतली आणि सर्वसामान्य माणसाला घरबसल्या विक्रेता होता येऊ लागले. फ्लिपकार्टच्या ६ ऑक्टोबर २०१४ च्या महाविक्रीनंतर सणासुदीच्या सवलती हा दरवर्षीचा प्रघात बनला. या काळात मूळ किंमत कमी होतेच. शिवाय विशिष्ट बँकेच्या कार्डावर तत्काळ सूट किंवा काही दिवसांनी परतावा मिळतो. ही सूट म्हणजे नवा ग्राहक जोडण्यासाठी बँकेने व उत्पादकाने केलेला खर्च असतो. म्हणूनच ती सामान्यतः एका व्यक्तीस एकदाच दिली जाते. पुनर्विक्रेता नातेवाईक व मित्रांची कार्डे वापरून ही मर्यादा ओलांडतो आणि सीलबंद संच ओएलएक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर विकतो.

नफ्याचे गणित :
उदाहरणादाखल, २०,००० रुपयांचा संच १,५०० रुपयांच्या सवलतीने १८,५०० रुपयांस मिळाला व १९,२०० रुपयांस विकला, असे मानू. ढोबळ नफा ७०० रुपये होतो. कार्डधारकास ३०० रुपये दिले आणि ग्राहकास संच पोहोचविण्यासाठी सांगलीपर्यंतच्या फेरीस १५० रुपये लागले, तर हाती २५० रुपये उरतात. संच वेळेत विकला न गेल्याने कार्डाचे बिल थकले, तर दरमहा साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज सुमारे ६४८ रुपये होते. म्हणजे २५० रुपयांच्या नफ्याचे जवळजवळ ४०० रुपयांच्या तोट्यात रूपांतर होते. थकबाकीची नोंद मात्र ज्याचे कार्ड आहे त्याच्या नावावर होते. मामाच्या कार्डावर केलेल्या या व्यापारात भांडवल मामाच्या पतीचे असते, ही गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही.

कायदेशीर बाजू :
नफ्यासाठी केलेली पुनर्विक्री हा व्यवसाय असून त्याचा नफा आयकराच्या दृष्टीने व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः आवश्यक नाही. परंतु करपात्र वस्तू राज्याबाहेर विकल्यास ही सूट लागू होत नाही. सीमेलगतच्या सांगली जिल्ह्यातून अथणीच्या ग्राहकास संच पाठविणे म्हणजे आंतरराज्य विक्रीच होय. नोंदणी केल्यास दुसरीच अडचण उभी राहते. मोबाइलवर १८ टक्के कर आहे. १९,२०० रुपयांत तो धरलेला मानल्यास कराची रक्कम सुमारे २,९२९ रुपये होते. खरेदीचे बिल मामाच्या नावावर असल्याने त्यावर भरलेल्या कराची वजावट विक्रेत्यास मिळत नाही. ७०० रुपयांच्या ढोबळ नफ्यातून हा कर भागणे अशक्य आहे. यावरून असे दिसते की, हा व्यवहार लहान असेपर्यंतच फायद्याचा असतो. तो वाढला की त्याचा आधारच नाहीसा होतो.

ग्राहकाची बाजू :
हमीचा काळ सामान्यतः मूळ बिलाच्या तारखेपासून मोजला जातो. त्यामुळे दोन महिने पडून राहिलेला सीलबंद संच घेणाऱ्याची तेवढी हमी आधीच संपलेली असते. ग्राहकाने मूळ बिल मागून घ्यावे व आयएमईआय क्रमांक संचार साथी संकेतस्थळावर तपासावा, हे हिताचे होय.

समारोप :
किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सहज न मिळणारी वस्तू आणली. रामुअण्णा ती चालविण्यासही शिकवीत. त्यांच्या नफ्यामागे सेवा होती. सवलतीच्या पुनर्विक्रीत वस्तू ग्राहकाच्याही पडद्यावर दिसत असते. विक्रेता देतो ती केवळ दुसऱ्याच्या वाट्याची सूट. विद्यार्थ्याला यातून किंमत, भांडवल व जोखीम यांचे प्राथमिक शिक्षण मिळते, हे नाकारता येत नाही. मात्र तो उपजीविकेचा मार्ग व्हायचा असेल, तर दुरुस्ती, जुन्या संचांची पारख किंवा विक्रीपश्चात सेवा यांपैकी काहीतरी स्वतःचे त्यात घालावे लागेल. तोपर्यंत प्रत्येक व्यवहाराचा लेखी हिशेब ठेवावा आणि घरातील कार्ड त्यासाठी वापरू नये, एवढे पथ्य तरी पाळणे आवश्यक आहे.