ओल पाण्याची, राखण मेणाची

पायाच्या घट्ट्याचा वाळून कडक झालेला तुकडा तेलात कितीही वेळ बुडवून ठेवला तरी मऊ पडत नाही. तोच पाण्यात टाकला की लवचीक होतो. अमेरिकेतले त्वचा-संशोधक आयर्विन ब्लँक यांनी १९५२ साली हे दाखवून दिलं, आणि कोरड्या त्वचेबद्दलची एक जुनी समजूत निकालात निघाली. त्वचा मऊ राहते ती पाण्यामुळे. तेल तिला ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडून जाऊ देत नाही, एवढंच.

घरी मेण आणि तेलाचं मलम करण्याची सध्या हौस वाढली आहे. ती चांगलीच आहे. पण वरची गोष्ट कळल्याशिवाय केलेलं मलम बऱ्याचदा नुसतं चिकट वाटतं आणि डबी फडताळात पडून राहते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर हातापायांचे तळवे सोडले तर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरचा फार तर पन्नासावा भाग. मृत पेशींचे साधारण १५ ते २० पदर एकमेकांवर बसलेले असतात. या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, असं चित्र त्वचाशास्त्रज्ञ पीटर एलायस यांनी मांडलं. या चुन्यात सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. कढत पाण्याची आंघोळ, साबण आणि डिसेंबरची कोरडी हवा यांनी तो झिजतो. आतलं पाणी झपाट्याने उडायला लागतं. थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की त्वचा कडक होते, फुटते.

इथे मेण कामाला येतं. कामकरी मधमाशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारण बारा ते अठरा दिवसांची माशी त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे स्रवते, चावून मऊ करते आणि पोळं बांधते. मध काढून घेतल्यावर उरलेलं पोळं पाण्यात उकळायचं, फडक्यातून गाळायचं आणि थंड होऊ द्यायचं. वर मेणाची पिवळी वडी तरंगते. हे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. लांब साखळ्यांची मेदाम्लं आणि तशाच लांब साखळ्यांची अल्कोहोलं यांच्या संयुगांनी ते मुख्यतः बनलेलं असतं, म्हणून पाण्याला ते बिलकूल दाद देत नाही.

गरम तेलात विरघळलेलं मेण थंड होताना त्याचे बारीक स्फटिक तयार होतात. स्फटिकांची जाळी बनते आणि तेल तिच्यात अडकतं. नुसतं तेल ओघळतं, कपड्यांना लागतं. जाळीत अडकलेलं तेल लावल्या जागी टिकतं. आयुर्वेदातलं मेण आणि तिळाच्या तेलाचं सिक्थतैल याच तत्त्वावर चालतं. एक मात्र कबूल करायला हवं. पाणी अडवण्याच्या बाबतीत पेट्रोलियम जेली मेणाच्या पुढेच आहे. घरगुती आणि नैसर्गिक म्हणून ते आपोआप सरस, असं काही नसतं.

तेल कोणतं घ्यावं, यावर बरीच मतमतांतरं ऐकू येतात. ऑलिव्ह तेलाचा मोठा बोलबाला आहे. पण इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही आठवडे स्वयंसेवकांच्या हातांना ऑलिव्ह आणि सूर्यफुलाची तेलं लावून पाहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ऑलिव्ह तेलाने त्वचेची तटबंदी कमजोर झाली, काहींना लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल फार असतं, ते चुन्याची घडी विस्कटतं. सूर्यफुलातलं लिनोलेइक आम्ल मात्र त्वचा स्वतःचे सिरामाइड बनवायला वापरते. सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बीतली आपली करडई लिनोलेइकमध्ये सूर्यफुलाच्याही पुढे आहे. महागड्या परदेशी बाटलीआधी तिचा विचार करायला काय हरकत आहे? तिची अडचण एकच, ती लवकर खवट होते. खोबरेल पुष्कळ टिकतं, पण २४ अंशांच्या आसपास थिजतं. कोकणात टाचेच्या भेगांना लावतात ते कोकमाच्या बियांचं तेल, गोव्याचं भिरंडेल, त्याहून घट्ट; ते चाळिशीच्या आसपास वितळतं. म्हणून तर त्याची वडी करून ठेवता येते.

आता कृती. २० ग्रॅम मेण, १०० ग्रॅम तेल, दोन्ही वजनाने. तेल निम्मं करडईचं, निम्मं खोबरेल. टाचांसाठी हवं असेल तर वीसेक ग्रॅम तेल कमी करून तेवढं कोकमतेल घाला. किसलेलं मेण आणि तेल स्टीलच्या भांड्यात घेऊन ते गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेतं. वितळलं की कोरड्या डबीत ओता. कोकमतेल घातलेलं मलम कधी रवाळ होतं; पुन्हा वितळवून डबी गार पाण्यात ठेवली की सुधारतं. भांडं आधी कागदाने पुसा, नाहीतर मोरीच्या पाइपात मेण थिजेल. मेण ओळखीच्या मधपाळाकडून घ्यावं. बाजारात मेण म्हणून मिळणारं पांढरं शुभ्र मेण बरेचदा मेणबत्तीचं पॅराफिन असतं.

यात गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालायचा मोह होतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेननेही मेण आणि तेलात पाणी घोटलं होतं. पण पाणी आलं की जिवाणू आणि बुरशी आलीच, आणि त्यांना रोखणारं परिरक्षक आपल्या स्वयंपाकघरात नसतं. ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली तर तेल उशिरा खवट होईल, बुरशी थांबणार नाही. पाणी डबीत नको, अंगावर हवं. आंघोळीनंतर टॉवेलने अंग हलकेच टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच मलम अगदी थोडं चोळा. अभ्यंगात आपण आधी तेल लावतो आणि मग उटण्याने बरंचसं काढून टाकतो; ओल राखायची तर क्रम उलटा हवा.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. मेणाची काहींना अ‍ॅलर्जी असते. तोंडावर मुरुमं असतील तर चेहऱ्याला लावू नका. नायट्यावर तर मुळीच नको, झाकलेल्या दमट जागी तो अधिक फोफावतो. आणि मधुमेह असेल तर टाचेची खोल भेग घरच्या मलमाने बुजवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.