गेम प्रोग्रॅमर व्हायचंय? मग आधी हे 16 मिलीसेकंदांचं गणित समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की कितीतरी घरांत हा संवाद होतो. पोरगं म्हणतं, "मला गेम बनवायचेत." वडील म्हणतात, "दिवसभर खेळतोस तेवढं कमी आहे का?" मग एक तर विषय तिथेच संपतो, नाहीतर कुठल्यातरी कोर्सला लाखभर रुपये भरून सगळे मोकळे होतात. त्याआधी या कामात नेमकं काय करावं लागतं ते बघू.

कॅरेक्टर कसं दिसेल ते आर्टिस्ट ठरवतो, लेव्हलमध्ये काय असेल ते डिझायनर. बटण दाबल्यावर ते कॅरेक्टर उडी मारतं, भिंतीला अडतं, शत्रू त्याच्या मागे लागतो, हे कोड लिहून घडवतो तो प्रोग्रॅमर.

आणि हे सगळं घड्याळ लावून. गेम सेकंदाला 60 वेळा नवं चित्र दाखवत असेल, तर एका चित्राला, म्हणजे एका फ्रेमला, साधारण 16.7 मिलीसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण कुठलं दाबलं ते बघायचं, टकरी तपासायच्या, शत्रूची चाल ठरवायची आणि चित्र काढायचं. बँकेचं ॲप अर्धा सेकंद थांबलं तर कुणी ओरडत नाही. गेममध्ये तेवढ्यात 30 फ्रेम हुकतात.

नवख्यांचा ठरलेला घोळ इथेच होतो. 'प्रत्येक फ्रेमला 5 पिक्सेल पुढे जा' असं लिहिलं की आपल्या 60 फ्रेमच्या लॅपटॉपवर हिरो सेकंदाला 300 पिक्सेल धावतो. मित्राच्या 120 फ्रेमच्या मशीनवर तोच हिरो 600 पिक्सेल पळतो! म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबाने ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून जितका वेळ गेला त्याने गुणायचं. याला 'डेल्टा टाइम' म्हणतात.

गणिताला पर्याय नाही. पहारेकऱ्याला हिरो दिसतो का, हे कसं ठरतं? पहारेकरी बघतोय ती दिशा आणि त्याच्यापासून हिरोकडे जाणारी दिशा, असे दोन एकक सदिश घ्यायचे. त्यांचा अदिश गुणाकार 1 च्या जवळ आला तर हिरो समोर, शून्य आला तर बरोबर बाजूला, ऋण आला तर पाठीकडे. कॉलेजात 'हे कुठे वापरायचं?' म्हणून ज्याला नावं ठेवली, तेच इथे रोज लागतं.

युनिटी इंजिनमध्ये सी शार्प चालते, अनरियलमध्ये सी प्लस प्लस. गोडो पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. मात्र एकाच इंजिनच्या प्रेमात पडू नका. 2023 मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलेशनवर फी जाहीर केली, डेव्हलपर भडकले आणि 2024 मध्ये ती मागे घ्यावी लागली. इंजिन बदलता येतं, प्रोग्रॅमिंगचा पाया मात्र पक्का हवा.

'स्टारड्यू व्हॅली' एकट्या एरिक बॅरोनने बनवला हे ऐकून अनेकांना चेव येतो. त्याला साडेचार वर्षांच्या आसपास लागली होती. तुम्ही 1972 च्या 'पाँग'पासून सुरुवात करा : दोन पट्ट्या, एक चेंडू. पण मेन्यू, आवाज, स्कोअर यांसकट पूर्ण करा. अर्धवट दहा गेमपेक्षा असा एक मुलाखतीत जास्त बोलतो. दर जानेवारीत 'ग्लोबल गेम जॅम' भरतो, त्यात ठरलेल्या मुदतीत टीमने गेम बनवायची सवय होते.

आता नोकरीचं. भारतात 'गेमिंग कंपनी' म्हणून चालणाऱ्या बऱ्याच कंपन्या पैसे लावून खेळायच्या रमी-फँटसीच्या होत्या. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने त्या धंद्यावर बंदी आली. खरे गेम बनवणारेही आहेत. 2020 मध्ये आलेला 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, युबिसॉफ्टचा स्टुडिओही पुण्यात आहे. पण जागा मोजक्या असतात. म्हणून जमत असेल तर साधं कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच घ्यावं, इतर सॉफ्टवेअर नोकऱ्यांचं दार उघडं राहतं. तरी स्पेशल कोर्सच करायचा असेल, तर फी भरण्याआधी एकच मागणी करा : मागच्या बॅचच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम इथेच खेळायला द्या.