धनुष्य धनुर्धराच्या मापाचे : कंपाउंड धनुष्याची बांधणी व जुळवणी

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक विजेतेपदाचे दोन्ही मान महाराष्ट्राकडे आले. साताऱ्याची अदिती स्वामी महिलांत, तर नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेता ठरला. अंतिम सामन्यात ओजसने पंधरा बाणांत 150 पैकी 150 गुण मिळविले. त्याच वर्षी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघाय येथील विश्वचषक टप्प्यात सुवर्णपदक पटकावले होते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेशही झाला आहे. साहजिकच, आपल्याही मुलामुलींच्या हाती असे धनुष्य असावे, असे अनेक पालकांना वाटू लागले आहे. आणि कित्येक माजी विद्यार्थी एखादे धनुष्य शाळेला किंवा वसतिगृहाला भेट देण्याची इच्छा बोलून दाखवितात. ही इच्छा स्तुत्य आहे. मात्र कंपाउंड धनुष्य हे क्रिकेटच्या बॅटीसारखे विकत आणून थेट हाती देण्याचे साधन नव्हे. ते वापरणाऱ्याच्या शरीराशी जुळवून घ्यावे लागते. ही जुळवणी कशी होते आणि ती न केल्यास काय घडते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

प्रारंभी एक कबुली देणे मी माझे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी मी मुलांना तिरंदाजी शिकवीत असताना एका हितचिंतकाने वापरलेले, परंतु उत्तम अवस्थेतील एक कंपाउंड धनुष्य आम्हांस दिले. ते मी आठवीतील एका चुणचुणीत मुलीकडे सोपविले. लाकडी धनुष्यावर तिचे बाण नेटके बसत; या नव्या धनुष्यावर मात्र ते लक्ष्यभर विखुरले जाऊ लागले. प्रत्यंचा तिच्या हातावर आपटे आणि कोपराच्या आतील बाजूस निळे वळ उठत. मी तिला वारंवार एकच सांगत राहिलो : "लक्ष दे, मन थाऱ्यावर ठेव." तीन महिन्यांनी तिने मैदानावर येणेच सोडले. पुढे एका अनुभवी प्रशिक्षकांनी ते धनुष्य पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "हिच्या हातांचे माप कोणी घेतले होते का?" ते माप कोणीच घेतले नव्हते. धनुष्य तिच्यासाठी जवळजवळ दोन इंच लांब होते. दोष मुलीच्या चित्ताचा नव्हता. माझ्या अज्ञानाचा होता.

कंपाउंड धनुष्याचे तत्त्व

साध्या धनुष्यात प्रत्यंचा जितकी मागे ओढावी, तितका भार वाढत जातो आणि नेम धरण्याच्या क्षणी तो सर्वाधिक असतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी यावर उपाय शोधला. धनुष्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी मध्यापासून सरकलेल्या अक्षाची चाके बसविली व त्यांना केबलांनी जोडले. 1966 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मंजूर झाले. या चाकांना आज कॅम म्हणतात. ओढीच्या मध्यात भार शिखर गाठतो आणि पूर्ण ओढीपाशी कॅम फिरल्यामुळे तो एकदम कमी होतो. या घटीस लेट-ऑफ म्हणतात. ती सामान्यतः 65 ते 80 टक्के असते. चाळीस पौंडांच्या धनुष्यात 75 टक्के लेट-ऑफ असेल, तर नेम धरताना हातावर केवळ दहा पौंडांचा भार राहतो. म्हणूनच तिरंदाजाला शांतपणे नेम धरता येतो. परंतु ही सवलत कॅमच्या एका नेमक्या स्थितीतच मिळते आणि ती स्थिती तिरंदाजाच्या हाताच्या लांबीशी जुळली पाहिजे.

प्रथम माप, मग भार

जुळवणीची पहिली पायरी म्हणजे ड्रॉ लेंथ, अर्थात ओढीची लांबी. मुलास भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरण्यास सांगावे व एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर मोजावे. त्यास अडीचने भागल्यास ओढीच्या लांबीचा प्राथमिक अंदाज मिळतो. हा विस्तार 150 सेंटीमीटर असेल, तर उत्तर 60 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेतेवीस इंच येते. मोठ्या माणसासाठी 28 इंचांवर बसविलेले धनुष्य अशा मुलाच्या हाती देणे म्हणजे थोरल्याची चप्पल धाकट्यास घालून शर्यतीत उतरविण्यासारखे आहे.

हा आकडा केवळ प्रारंभबिंदू होय. अंतिम निर्णय मुलाची उभे राहण्याची ढब पाहून घ्यावा. ओढ लांब असेल, तर मूल कमरेतून मागे झुकते, धनुष्य धरलेला हात कोपरात ताठ होतो आणि प्रत्यंचा हातावर आपटते. ओढ आखूड असेल, तर कोपर वाकलेले राहते व खांदे आखडतात. बहुतेक कॅमवर मॉड्यूल नावाचा एक लहान भाग असतो. त्याचे स्क्रू सैल करून तो खुणेवर फिरविला, की लांबी बदलते. काही धनुष्यांत मात्र प्रत्येक लांबीसाठी स्वतंत्र मॉड्यूल विकत घ्यावे लागते.

दुसरी पायरी ड्रॉ वेट, म्हणजे ओढीच्या भाराची. धनुष्याच्या दोन्ही लवचिक पात्यांना लिंब म्हणतात. ती मधल्या दांड्याला, म्हणजे रायझरला, बोल्टांनी जोडलेली असतात. बोल्ट सैल केले की भार घटतो व आवळले की वाढतो. येथे दोन नियम काटेकोरपणे पाळावेत. वरचा बोल्ट जितका फिरवाल, तितकाच खालचाही फिरवावा. आणि निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा अधिक सैल कदापि करू नये, अन्यथा लिंब निसटून गंभीर इजा होऊ शकते. जागतिक स्पर्धांत कंपाउंडसाठी 60 पौंडांची कमाल मर्यादा आहे. परंतु मुलांनी त्या आकड्याकडे पाहण्याचे कारण नाही. खुर्चीवर ताठ बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता, सरळ लक्ष्याच्या दिशेने धरूनच प्रत्यंचा सहज ओढता आली, तर भार योग्य समजावा. त्यासाठी धडपड करावी लागत असेल, तर खांद्याचे दुखणे दूर नाही.

दोन कॅमांचा मेळ

दोन कॅमांच्या धनुष्यात वरचा व खालचा कॅम ओढीच्या शेवटी एकाच क्षणी आपल्या अटकावावर टेकले पाहिजेत. यास टायमिंग म्हणतात. एक आधी व दुसरा मागाहून टेकला, तर शेवटची ओढ स्पंजासारखी लागते आणि बाणाची शेपटी वर किंवा खाली ढकलली जाते. तिरंदाजाने सावकाश ओढावे व दुसऱ्याने बाजूला उभे राहून कॅमांकडे पाहावे. फरक डोळ्यांना दिसतो. तो दूर करण्यासाठी केबलांना पीळ द्यावा किंवा सोडावा लागतो. पीळ दिल्याने केबल आखूड होते. हे काम बो प्रेस या यंत्रात धनुष्य दाबूनच करायचे असते. घरी पायाखाली धनुष्य धरून असा प्रयत्न करू नये.

बाण आणि त्याची बैठक

बाण सुटताना किंचित वाकतो. तो किती वाकावा हे त्याच्या ताठपणावर अवलंबून असते. त्यास स्पाइन म्हणतात आणि बाणावर 400, 500 असा आकडा छापलेला असतो. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. ओढीची लांबी, भार व बाणाची लांबी या तिन्हींवरून निर्मात्याच्या तक्त्यात योग्य आकडा शोधावा. म्हणूनच आधी धनुष्य जुळवून मगच बाण घ्यावेत. बाण फार हलकाही नसावा. ओढीच्या प्रत्येक पौंडामागे किमान पाच ग्रेन वजन असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. चाळीस पौंडांच्या धनुष्यास दोनशे ग्रेन, म्हणजे सुमारे तेरा ग्रॅम. त्याहून हलका बाण सुटताना धनुष्याची पुरेशी शक्ती वाहून नेत नाही आणि ती शक्ती धनुष्यावरच उलटते. बाण न लावता प्रत्यंचा सोडण्याचा परिणाम तर अत्यंत विघातक असतो : लिंब तडकू शकते, प्रत्यंचा तुटू शकते, चेहऱ्याला इजा होऊ शकते. ज्या वसतिगृहात धनुष्य ठेवले जाते, तेथे हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

यानंतर प्रत्यंचेवर डी-लूप, म्हणजे रिलीज अडकविण्याचा लहानसा फास, बांधतात. त्याची जागा काटकोनी पट्टीने ठरवावी. बाण प्रत्यंचेशी काटकोनात किंवा त्याची शेपटी दोन-तीन मिलिमीटर वर असावी. बाण ज्यावर टेकतो ती अ‍ॅरो रेस्ट बाण प्रत्यंचेच्या रेषेत राहील अशी बसवावी. बहुतेक धनुष्यांत रायझरच्या आतील पृष्ठापासून बाणाच्या मध्यापर्यंत साधारण वीस मिलिमीटर अंतर ठेवून आरंभ करता येतो.

प्रत्यंचेतील छिद्राची चकती, अर्थात पीप, बसविताना मुलाने डोळे मिटून नेहमीप्रमाणे पूर्ण ओढ घ्यावी व मग डोळे उघडावेत. मान वर-खाली न करता पीपमधून साइटचे वर्तुळ पूर्ण व मध्यभागी दिसले पाहिजे. दिसत नसेल, तर पीप हलवावी. मुलाची मान नव्हे. जागा निश्चित झाल्यावर पीपच्या वर-खाली दोऱ्याची घट्ट बांधणी करावी.

कागदाची साक्ष

आता खरी परीक्षा. लाकडी चौकटीवर जुने वर्तमानपत्र ताणून बसवावे, त्यामागे पुरेशा अंतरावर भक्कम लक्ष्य ठेवावे आणि सुमारे दोन मीटरवरून कागदातून बाण सोडावा. बाण सरळ गेला, तर एक गोल छिद्र व पिसांच्या खुणा दिसतात. तो तिरका गेला, तर कागद फाटतो आणि टोक कोठे शिरले व शेपटी कोठून गेली हे त्या चिरेवरून वाचता येते. शेपटीची चीर वर असेल, तर रेस्ट किंचित वर घ्यावी किंवा डी-लूप खाली. चीर खाली असेल, तर याच्या उलट. उजव्या हाताने ओढणाऱ्या व रिलीज वापरणाऱ्या तिरंदाजाची चीर डावीकडे असेल, तर रेस्ट उजवीकडे, आणि चीर उजवीकडे असेल, तर डावीकडे सरकवावी. प्रत्येक बदल अर्ध्या मिलिमीटरचा असावा, एका वेळी एकच असावा, आणि त्यानंतर किमान तीन बाण सोडून खात्री करावी. रेस्ट हलवूनही चीर जात नसेल, तर पिसे रेस्टला घासत आहेत काय, मूठ आवळून धनुष्य पिळले जात आहे काय, आणि बाणाचा ताठपणा योग्य आहे काय, हे पाहावे.

कागदानंतर अंतराची चाचणी. लक्ष्यावर उभी रेषा आखून दहा, वीस, तीस मीटरवरून साइट न बदलता त्याच वरच्या बिंदूवर नेम धरावा. बाण क्रमाने खाली उतरतील, पण रेषेवरच राहिले पाहिजेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण अंतरागणिक डावीकडे सरकत असतील, तर रेस्ट अगदी थोडी उजवीकडे घ्यावी. सर्वांत शेवटी साइट जुळवावी. तिचा नियम सोपा आहे : बाण ज्या बाजूस जातात, त्याच बाजूस साइट न्यावी.

हा क्रम उलटविता येत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. लांबी बदलली की पीपची जागा बदलते. भार बदलला की बाणाचा ताठपणा अपुरा किंवा अधिक ठरतो. वाढत्या वयाच्या मुलांची मापे तर सतत बदलत असतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी हातांचा विस्तार पुन्हा मोजावा आणि लांबी, भार, रेस्ट, डी-लूप व पीप यांचे आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. प्रत्यंचेला नियमित मेण लावावे, एखादा तंतू तुटलेला दिसताच नेमबाजी थांबवावी आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत धनुष्य ठेवू नये.

दात्यांस व पालकांस विनंती

ज्यांना धनुष्य भेट द्यावयाचे आहे, त्यांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ते कोणत्या मुलांसाठी आहे व त्यांच्या हातांची मापे किती? त्या धनुष्याची लांबी व भार किती मर्यादेत बदलता येतात? बाण, रिलीज, प्रत्यंचा आणि बो प्रेस असलेला जाणकार यांची सोय आहे काय? लांबी व भार मोठ्या मर्यादेत बदलणारे साधे धनुष्य एकामागून एक अनेक मुलांच्या उपयोगी पडते. महागडे, पण एकाच मापाचे धनुष्य बहुधा कपाटातच पडून राहते. पालकांनीही मुलाचे बाण भरकटत असतील, तर त्याच्या एकाग्रतेस दोष देण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी.

त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेलो व चूक माझी होती हे तिच्या आईसमक्ष सांगितले. ती परतली. कॅमचे मॉड्यूल बदलले, भार कमी केला, पीप नव्याने बांधली. पहिल्या सहा बाणांनंतर तिने लक्ष्याकडे न पाहता आधी आपल्या हाताकडे पाहिले. तेथे वळ उठला नव्हता. त्या दिवसापासूनची तिची नोंदवही माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर धनुष्याचे नाव नाही. तिच्या हातांचे माप आहे.