आधी मातीचा वाटा, मग इंधनाचा
मातीचं देणं : लेखांक सहावा

जमिनीतला सेंद्रिय कर्ब का घटतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्याच पुढचा आहे. पीक काढल्यावर उरलेली धाटं, पेंढा, पाला इंधनासाठी विकावा का, आणि विकायचा तर किती?

जगात ही चर्चा मक्यापासून सुरू झाली. मक्याचे जेवढे दाणे हाती येतात, साधारण तेवढ्याच वजनाची वाळलेली धाटं आणि पाला शेतात उरतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २०१४ आणि २०१५ साली धाटांपासून इथेनॉल करणारे दोन मोठे कारखाने उभे राहिले. काही वर्षांतच दोन्ही ठिकाणचं हे काम थांबलं. आपल्याकडे १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला भाताच्या पेंढ्यावर चालणारा इंडियन ऑइलचा कारखाना देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं.

आता कोकण किनाऱ्यालगतच्या आगाशी गावाकडे वळू. त्याचं नाव सुकेळीमुळे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांमुळे, घरोघरी पोचलेलं. इथे हा प्रश्न भाताच्या खाचरांना आणि केळीच्या वाड्यांना लावून पाहायला हवा.

एक टन पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असतं. भाताचं रोप जमिनीतून जे पालाश उचलतं, त्यातलं बहुतेक दाण्यात न जाता पेंढ्यातच राहतं. म्हणजे पेंढ्याचा ट्रक बांधाबाहेर गेला की पालाशही गेलं. पोटॅशचं रासायनिक खत भारत जवळजवळ सगळं आयात करतो, म्हणून ही तूट भरून काढायला रोख पैसे मोजावे लागतात. त्यात कोकणचा पाऊस जमिनीतलं पालाश धुऊन नेतो आणि किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत ते टिकतही नाही. अशा जमिनीत ओल आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं काम सेंद्रिय कर्बच करतो.

मग किती काडीकचरा मागे ठेवायचा? मक्यावरच्या अमेरिकी अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. मातीची धूप थांबवायला जेवढं आच्छादन पुरतं, त्याहून बरंच जास्त कर्ब टिकवायला लागतं. उत्पन्न कमी, जमीन उताराची किंवा दरवर्षी खोल नांगरलेली असेल, तर विकण्याजोगं काही उरतच नाही. नांगरट टाळली तर हिशोब सुधारतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे कायम राहतात आणि कापणीनंतर भाताची मुळं उपटली जात नाहीत. ती जमिनीतच कुजतात, त्यामुळे वरचा पेंढा गोठ्यात गेला तरी मातीला काहीतरी मिळतं.

इंधन कोणतं, यावरही बरंच ठरतं. पेंढा जाळला तर त्यातलं बहुतेक नत्र हवेत जातं. इथेनॉलसाठी दिला तर अन्नद्रव्यं कारखान्याच्या दारात जातात. बायोगॅसमध्ये मात्र कर्बाचा काही भाग वायू होऊन निघतो, आणि नत्र, स्फुरद, पालाश मळीत उरतं. ती मळी त्याच शेतात परत आली, तर चूलही पेटते आणि जमीनही उपाशी राहत नाही.

केळीच्या बुंध्याचं उत्तर सोपं आहे. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते वाहून नेण्यात जेवढं इंधन जळेल, तेवढं हाती येणं कठीण. घड उतरल्यावर बुंधा चिरून वाडीतच पसरावा. त्यातलं भरपूर पालाश पुढच्या पिलांना मिळतं.

म्हणून वाडीकरांना एवढंच सांगणं आहे. पेंढा विकत घ्यायला कोणी आलं, तर दर ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा : मळी परत मिळणार का, आणि माझ्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब किती आहे? दुसऱ्याचं उत्तर माती परीक्षणाच्या अहवालात मिळेल. ही दोन्ही उत्तरं हातात नसतील, तर पेंढा विकू नका.