हुबेहूब दिसलं म्हणजे झालं?

बालमित्रांनो, सायकलचा नट हरवला तर दुकानात दुसरा मिळतो. पण ‘टायगर मॉथ’चा? हे दोन जणांचं ब्रिटिश विमान १९३१ साली प्रथम उडालं. पंख लाकडी सांगाड्याचे आणि वरून चक्क कापड! त्याचे न मिळणारे भाग मूळ आराखडे पाहून नव्याने घडवतात. पंखांसाठी स्प्रूसचं हलकं, सरळ रेषांचं लाकूड निवडतात.

धातूच्या भागांना तर फारच जपावं लागतं. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात एका टायगर मॉथचा डावा पंख हवेतच निखळला. दोघे दगावले. चौकशीत कळलं, की खालचे पंख धडाला जोडणाऱ्या, मागाहून बनवून बसवलेल्या सळ्यांना आट्यांपाशी आधीच तडे गेले होते.

म्हणून मुलांनो, भाग नुसता हुबेहूब दिसून भागत नाही, त्याने ताणही तेवढाच सोसायला हवा!