संजाणची मठिका, चिंचणीचे ताम्रपट

पालघर तालुक्यातील दांडीच्या किनाऱ्यावरून उत्तरेची वाट धरली म्हणजे डाव्या हाताला समुद्राची अखंड सोबत असते, आणि एकमेकांच्या जबड्यांत जबडे अडकवून बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास बराच वेळ पाठ सोडीत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे घुमट मागे पडले की चिमाजीअप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांच्या ताब्यात आलेला तारापूरचा पोर्तुगीज किल्ला लागतो. खाडीवरचा पूल उतरताच पालघर तालुका संपून डहाणू सुरू होतो, आणि समोर चिंचणी येते. सुट्टीच्या दिवशी मुंबईकर येथे येतात ते सुरूच्या बनासाठी आणि ओहोटीच्या वेळी दूरवर उघड्या पडणाऱ्या वाळूसाठी. परंतु या गावाचे खरे धन त्याच्या शेतजमिनीतून निघाले, आणि ते ज्या वास्तूविषयी बोलते ती वास्तू आज येथे उभी नाही. ती होती येथून उत्तरेस, संजाण बंदरात.

१९५५ च्या सुमारास चिंचणीच्या एका शेतात काही ताम्रपट सापडले, त्यांचे वाचन करून पुराभिलेखविद्येचे थोर अभ्यासक दिनेशचंद्र सरकार यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले, आणि त्या कोरीव ओळींतून दहाव्या-अकराव्या शतकांतील या किनाऱ्याचे असे एक चित्र प्रकट झाले, की ज्याची कल्पना त्यापूर्वी कोणी केली असती तर तिला कादंबरीचे स्वप्नरंजन म्हणून बाजूला सारण्यात आले असते.

यांपैकी पहिला दानलेख शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र तेव्हा मान्यखेटाच्या, म्हणजे आजच्या मालखेडच्या, सिंहासनावर होता, आणि संजाण मंडलाचा कारभार मधुमती सुगतिप या अधिकाऱ्याकडे होता. हा मधुमती म्हणजे मुहम्मद. तो सहियारहाराचा पुत्र होता, ताजिक म्हणजे अरब वा इराणी मुसलमान होता, आणि इंद्राच्या आधीच्या राष्ट्रकूट सम्राटाने, दुसऱ्या कृष्णाने, त्याला या मंडलाची सुभेदारी दिली होती. लेख त्याच्या पराक्रमाची वाखाणणी करतो हे रीतीला धरूनच आहे. पण मला अधिक मोल वाटते ते त्याच लेखात नोंदलेल्या त्याच्या दोन साध्या व्यवस्थांचे. त्याने दोन प्रवाहांवर उतारूंसाठी विनामूल्य नावा ठेविल्या, आणि संजाणात एक अन्नसत्र घातले, जेथे साळीचा भात, कालवणे आणि तूप येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाढले जाई. राज्यकर्त्याच्या स्तुतीत तुपाचा उल्लेख यावा, यावरून त्या काळी लोककल्याण किती बारकाईने मोजले जाई ते दिसते.

या मधुमतीच्या अमलात अण्णैय नामक ब्राह्मणाने संजाणात भगवतीची एक मठिका, म्हणजे छोटा मठ, बांधली. पुढील लेखांत तिला कौतुक मठिका म्हटले आहे. मधुमतीने सम्राटाच्या संमतीने या मठिकेस एक गाव आणि दुसऱ्या गावातील काही जमीन तोडून दिली. दानाचा हेतू लेखात स्पष्ट आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि पंचगौडीय महापर्षदेतील नऊ जणांचे भोजन. सम्राट कर्नाटकाचा, सुभेदार ताजिक, संस्थापक दाक्षिणात्य नावाचा, आणि विद्वत्सभा उत्तर हिंदुस्थानातील ब्राह्मणांची. कोकणच्या एका बंदरात अध्ययनाचे हे घर इतक्या निरनिराळ्या हातांनी उभे राहिले.

या वास्तूच्या पुढील इतिहासातील एक प्रकरण मला आजच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक वाटते. राजस्थानातील भिनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी संजाणात आपल्या भिल्लमालदेवाचे मंदिर बांधले होते. त्या देवाच्या मालकीची काही जागा मठिकेच्या वापरात होती, आणि तिच्यावरून मंदिराचे वारिक, म्हणजे व्यवस्थापक, आणि मठिकेची महापर्षद यांच्यात वाद निर्माण झाला. तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीत या वादाचा जो निवाडा झाला तो ताम्रपटावर कोरून ठेवण्यात आला: जागा देवाचीच राहील, वापर मठिकेचा राहील, आणि मठिकेने त्याबद्दल दर साल दीपोत्सवाच्या वेळी ४० द्रम्म मंदिरास भरावे. कोणी कोणाला हुसकावले नाही, कोणाची मालकी बुडाली नाही, आणि अध्ययन थांबले नाही. आजच्या दप्तरी भाषेत याला भाडेपट्टा म्हणतात. तो हजार वर्षांपूर्वी, एका धर्मसंस्थेची जागा दुसऱ्या विद्यासंस्थेकडे नांदवण्यासाठी, भरण्याच्या वेळेसह आणि रकमेसह ठरला होता.

राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले, आणि मठिका टिकून राहिली. १०३४ साली शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने तिला तेलाचा एक घाणा दिला. घाण्याचे तेल देवीपुढील दिव्यासाठी होते, आणि तेथे येणाऱ्या स्वाध्यायिकांच्या व ब्राह्मणांच्या पायांना चोळण्यासाठी होते. दूरवरून चालत आलेल्या विद्यार्थ्याच्या पायांचा विचार करणारा दानलेख मला तरी दुसरा ठाऊक नाही. हे दान ज्यांना साक्ष ठेवून जाहीर केले त्या नगरजनांत पारशांच्या अंजुमनाचा निर्देश आहे, अलिय, महर, मधुमत अशी मुसलमानी वळणाची नावे आहेत, आणि केसरी, सुवर्ण, कक्कल असे हिंदू श्रेष्ठीही आहेत. याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, चौलला, दहाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या अल् मसूदीने तेथील मुसलमान वस्ती दहा हजारांची असल्याचे आणि त्यांचे तंटे त्यांचाच प्रमुख तोडीत असल्याचे लिहिले आहे. तेव्हा संजाण हा अपवाद नव्हता, ही या किनाऱ्याची रीत होती.

संजाण आज गुजरातेत आहे. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा तो भाग ठाणे जिल्ह्यातून गेला. या शतकाच्या प्रारंभी तेथे झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातील झिलईदार भांड्यांची आणि चिनी मातीच्या भांड्यांची खापरे मिळाली, आणि ताम्रपटांतील बंदराला मातीचीही साक्ष लाभली.

आता या सगळ्याचा दांडीसारख्या आजच्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल, आणि तो यावा अशीच माझी इच्छा आहे. पटसंख्या घटल्यामुळे रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या, वापर संपलेली समाजमंदिरे, ज्यांचे कामकाज अन्यत्र गेले अशी जुनी कार्यालये, हा महाराष्ट्रातील गावोगावचा प्रश्न आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणल्यापासून तो अधिकच निकडीचा झाला. अशा इमारतीचे पुढे काय करावे याला दप्तरात एकच ठरावीक शब्द असतो, निर्लेखन; म्हणजे नोंदवहीतून कमी करणे आणि पाडणे. धोकादायक भिंत पाडावीच. परंतु धड छप्पर आणि धड जोते असलेली वास्तू केवळ मूळ उपयोग संपला म्हणून नाहीशी करणे मला अन्याय्य वाटते, विशेषतः या भागात.

कारण रिकाम्या वास्तूत उभे राहू शकेल अशा अध्ययनाच्या घराची गरज या भागाला आज जितकी आहे तितकी क्वचितच पूर्वी असेल. मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ, वारली हे येथले जुने रहिवासी. अणुवीज केंद्रामुळे साऱ्या देशातून आलेली कुटुंबे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणारे आणि बोईसरच्या चाळींत राहणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार. त्यांची मुले घरी एक भाषा बोलतात, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली ते वाढवण बंदर चिंचणीपासून दूर नाही, आणि बंदर उभे राहिले म्हणजे आणखी कितीतरी बोली या किनाऱ्यावर उतरतील. त्यांना एकमेकांच्या शेजारी बसून शिकता येईल अशी जागा शाळेच्या वेळेनंतर कोठेच नसते.

त्या जागेत काय शिकवावे, हेही आपल्याला परक्या मुलखातून आणावे लागत नाही. १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारल्यांच्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली, आणि मुलाच्या परिसरातील शंख, बिया, पाने हेच त्याचे पहिले शैक्षणिक साहित्य मानले. इमारत नसताना त्यांनी इतके केले. इमारत हाताशी असताना आपण मागे राहावे, याला सबब नाही.

अशी रिकामी इमारत अध्ययनासाठी देण्याचा ठराव ग्रामसभेने करावा, तो मात्र संजाणच्या निवाड्याइतका नेमका असावा. मालकी ग्रामपंचायतीची की जिल्हा परिषदेची, नाममात्र भाडे किती व कोणत्या तिथीस, विजेचे देयक कोण भरणार, कौलांची डागडुजी कोणाकडे, आणि संध्याकाळी उपाशी येणाऱ्या मुलाच्या खाण्याची सोय कोणत्या निधीतून, एवढे त्यात लिहिलेले असले पाहिजे. मठिकेची दाने अशाच गोष्टींसाठी होती. आरंभ जून-जुलैच्या मासेमारीबंदीत करावा. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेल घरी असतात. उधाण कोणत्या तिथीला येते, भांगाचे पाणी कसे ओळखायचे, वारा फिरला तर जाळे केव्हा उचलायचे, हे गयेच्या किंवा गंजामच्या मुलाला त्यांच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही, आणि त्या मुलाच्या आजोळी भात कसा लावतात हे ऐकण्याची सवड तांडेलालाही त्याच दिवसांत असते.